लाईट गेली आणि टॉर्च पेटेना: पेन्सिल सेलवरच्या टॉर्चचा नेहमीचा बिघाड

वळवाचा पहिला पाऊस झाला, एखादी फांदी तारांवर आली आणि रात्र अंधारात गेली, की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओटीवर टॉर्च जमायला लागतात. वाडीतल्या, शेजारच्या आळीतल्या, कुणाच्या मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या. गाऱ्हाणं एकच: "वर्षभर कपाटात नीट ठेवली होती रे, काल लावायला गेलो तर पेटेचना." बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा त्या 'नीट ठेवली होती'मध्येच सापडतं. रोज हाताळली जाणारी टॉर्च क्वचित दगा देते. सेल घालून विसरलेली हमखास देते.

कोकणात हा विषय थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागातल्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मोबाइलचा दिवा असतो हे खरं, पण टॉवर आणि चार्जिंग दोन्हींचा भरवसा नसताना तो जाळणं परवडत नाही. आणि पावसाळ्यात रात्री परसात किंवा गोठ्यात जाताना फुरसं, मण्यार पायाखाली येऊ शकते, ही धास्ती वेगळीच.

खाली जे सांगतो ते एए किंवा एएए सेलवर चालणाऱ्या, म्हणजे जाड्या किंवा बारीक पेन्सिल सेलच्या छोट्या टॉर्चबद्दल. चार्जिंगच्या टॉर्चचा हिशेब निराळा, त्यावर शेवटी दोन ओळी आहेत.

आधी लक्षण नक्की करा

नुसतं 'बिघडली' म्हणून चालत नाही. पुढच्यापैकी नेमकं काय होतंय ते बघा.

- अजिबात पेटत नाही, थोपटूनही नाही.
- पेटते, पण काजव्याएवढी.
- हातावर आपटली की पेटते, हलवली की विझते.
- झक्क पेटते, दहा-पंधरा मिनिटांत मंद होते. तासभर ठेवली की पुन्हा झक्क.
- नवे सेल घातले, वापरली नाही, तरी दोन-तीन महिन्यांत सेल संपलेले.
- मागचं झाकण फिरत नाही, किंवा सेल आत अडकून बसलाय.

तिसरं लक्षण कुठल्या तरी जोडाचं, चौथं सेलच्या जातीचं, पाचवं स्विचचं. पहिली दोन कशाचीही असू शकतात, म्हणून तपासणी स्वस्तापासून महागाकडे न्यायची.

फुकटातली तपासणी

झाकण पूर्ण घट्ट फिरवा. धातूच्या टॉर्चमध्ये करंट मागच्या झाकणातून टॉर्चच्या अंगातूनच पुढे जातो, त्यामुळे झाकण पाव फेरा सैल असलं तरी सर्किट तुटलेलं राहू शकतं. घरातली मुलं फिरवाफिरवी करतात आणि मोठे लोक सेल बदलायला बाजारात जातात. टॉर्च नवी कोरी असेल तर सेलच्या टोकापाशी कागदाची किंवा प्लॅस्टिकची चकती ठेवलेली असते, ती काढली का बघा.

मग सेलची दिशा. बहुतेक टॉर्चमध्ये सपाट बूड स्प्रिंगकडे जातं, पण 'बहुतेक' म्हणजे सगळ्या नव्हेत. आतली खूण वाचा. तीन बारीक सेलांच्या टॉर्चमध्ये सेल एका गोल प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात बसतात. ह्या पिंजऱ्यात सेल बरोबर घालून पिंजराच उलटा घातलेला मी वारंवार बघतो. पिंजऱ्याच्या एका टोकाला बाण किंवा अधिक-उणे कोरलेलं असतं. चष्मा लावून बघा, कारण ते अक्षर कुणाला दिसू नये अशा बेताने कोरलेलं असतं.

ह्याला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. ओटीवर आलेल्यांतल्या बऱ्याच टॉर्च इथूनच परत घरी जातात.

सेल: इथे थोडं थांबा

"सेल चांगले आहेत, रिमोटमध्ये चालतात की!" हे काकूंचं म्हणणं खोटं नसतं, पण लागू पडत नाही. रिमोट बटण दाबल्यापुरता, तोही थोडाच करंट घेतो. भिंतीवरचं घड्याळ तर त्याहून कमी. टॉर्च मात्र पेटलेली असेपर्यंत सतत ओढत राहते. म्हणून टॉर्चमधून उतरलेला सेल घड्याळात महिनोन् महिने चालतो, पण घड्याळातून उतरलेला सेल टॉर्चमध्ये चालेल असं धरून चालू नका.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. पांढऱ्या एलईडीला पेटायला ढोबळमानाने ३ व्होल्ट लागतात. एका सेलचे १.५. एका सेलच्या टॉर्चमध्ये म्हणूनच व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट असतं. दोन सेलांच्या स्वस्त टॉर्चमध्ये ते बऱ्याचदा नसतं; दोन्ही मिळून ३ व्होल्ट होतात, त्यावरच भागवलेलं असतं. सेल थोडे उतरून अडीच व्होल्टवर आले की टॉर्च मिणमिणते, मग सेलमध्ये बरीच धग शिल्लक का असेना. तुमच्या टॉर्चचं लक्षण 'मंद' असेल आणि ती अशी दोन सेलांची असेल, तर टॉर्च बिघडलेली नाही, तिची बनावटच तशी आहे.

तिसरी गोष्ट सेलची जात. वेष्टनावर बारीक अक्षरांत 'आर६' असेल तर तो झिंक-कार्बनचा साधा सेल, 'एलआर६' असेल तर अल्कलाइन. बारीक सेलवर हेच 'आर०३' आणि 'एलआर०३'. 'हेवी ड्यूटी' ह्या शब्दांना भुलू नका, तो झिंकचाच सेल असतो. झिंक-कार्बन सेल घड्याळाला उत्तम, पण सतत जास्त करंट ओढला की त्याचं व्होल्टेज बसतं आणि विश्रांती दिली की पुन्हा थोडं वर येतं. वरचं चौथं लक्षण ते हेच. त्यावर उपाय म्हणजे अल्कलाइन सेल. किंमत दुप्पट-तिप्पट पडते, पण टॉर्चमध्ये तो त्याहून जास्त वेळ देतो.

बदलताना सगळे सेल एकदम बदला, एकाच कंपनीचे, एकाच पाकिटातले. नव्या-जुन्याची जोडी लावली तर जुना आधी संपतो आणि नवा त्याच्यातून जबरदस्तीने उलटा करंट ढकलत राहतो. तो संपलेला सेल मग गळतो, आणि गळला की टॉर्च घेऊनच जातो.

उन्हात ठेवून सेल 'चार्ज' करायची आपली जुनी रीत आहे. ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया थोडी वेग घेते, सेल थोडा वेळ चालतो, हे खरं. पण झिंकच्या सेलचं बाहेरचं झिंकचं डबडंच आतून झिजून वीज देत असतं. अशा झिजलेल्या सेलला तापवणं म्हणजे गळतीला आमंत्रण. अल्कलाइन सेल चार्जरला लावण्याचा प्रयोग तर अजिबात नको. संपलेले सेल चुलीतही टाकू नका, फुटतात.

घरात मल्टिमीटर असेल तर २० व्होल्ट डीसीवर ठेवून मोजा. कोरा अल्कलाइन सेल १.५५ ते १.६ दाखवतो. १.३ च्या खाली आलेला सेल टॉर्चमधून काढून घड्याळाला द्या. चार्ज होणाऱ्या निकेल सेलचं मूळ व्होल्टेजच १.२ च्या आसपास असतं, तेव्हा त्यांना हा नियम लावू नका. नुसतं मोजलेलं व्होल्टेज कधी कधी फसवतं, कारण थकलेला सेलही मोकळा असताना बरा आकडा दाखवतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात १० ओहमचा रेझिस्टर दोन-चार रुपयांत मिळतो. तो सेलच्या दोन टोकांना धरून मोजा. आकडा झपाझप खाली आला तर सेल गेला.

स्वच्छता

समुद्राजवळच्या दमट हवेत स्प्रिंग गंजते, पितळी पट्टीवर हिरवट साका धरतो. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा भागसुद्धा पातळ थराने झाकलेला असू शकतो. आपटली की पेटते, ह्याचं कारण आपटल्यावर तो थर कुठेतरी खरवडला जातो.

सेलची दोन्ही टोकं, स्प्रिंगचं टोक, झाकणाचे आटे आणि अंगाची मागची उघडी कड, सगळं आधी कोरड्या फडक्याने पुसा, मग पेन्सिलीचं खोडरबर घासा. तेवढ्याने जमलं तर पॉलिश पेपरला हात लावू नका. पेपरने गंजाबरोबर वरचा निकेलचा मुलामाही जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुपटीने येतो. शेवटी कापसाच्या बोळ्याने स्पिरिट फिरवायचं.

पांढरा भुगा दिसत असेल तर अल्कलाइन सेल गळलाय. तो द्रव अल्कली असतो, कातडीला आणि डोळ्यांना वाईट. हातमोजे घाला, निदान प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळा. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस काडीवरच्या कापसाने थोडा थोडा लावा, फसफसणं थांबलं की ओल्या फडक्याने पुसून दिवसभर वाळवा. झिंकचा सेल गळला तर चिकट, तपकिरी घाण येते आणि ती आम्ल असते. तिथे लिंबू नको, खायच्या सोड्याचं पाणी. खोबरेल तेल मात्र कुठेही लावू नका. दर वर्षी कोणीतरी लावून आणतं आणि मग आट्यांत धूळ आणि तेलाचा लगदा झालेला असतो.

सेल अडकला असेल तर स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी बाजूला ठेवा. टॉर्च तोंडाकडून धरून लाकडी पाटावर हलकेच ठोका. अल्कलाइन सेल असेल तर कडेने व्हिनेगरचे चार थेंब सोडून रात्रभर ठेवा आणि परत ठोका. निघाला तर ठीक. गळलेला अल्कलाइन द्रव ॲल्युमिनियमलाही खातो, त्यामुळे निघाला तरी आतली कड खाल्ली गेलेली असू शकते. नाही निघाला तर टॉर्च टाका. ड्रिल घालून सेल काढणारे लोक मी पाहिलेत. शंभर-दीडशेच्या वस्तूसाठी डोळा पणाला लावणं काही खरं नाही.

स्प्रिंग आणि स्विच

स्प्रिंग दबून बसली असेल तर चिमट्याने हलकेच दोन-तीन मिलिमीटर वर ओढा. घडी घातलेली ॲल्युमिनियम फॉइल मध्ये ठेवून एक रात्र काढता येते, पण ती सरकून दुसरीकडे टेकली तर सेल तापतो. सकाळ झाली की काढा.

धातूच्या, मागे बटण असलेल्या टॉर्चमध्ये स्विच तपासायची एक सोपी युक्ती आहे. झाकण काढा. सेलचं उघडं बूड आणि टॉर्चच्या अंगाची मागची चकाकती कड ह्या दोहोंना जोडेल अशी एखादी तार किंवा उघडलेली सेफ्टी पिन टेकवा. रंगीत पृष्ठभागावर टेकवून उपयोग नाही, त्या मुलाम्यातून वीज जात नाही. टॉर्च पेटली तर पुढचं डोकं आणि सेल शाबूत आहेत, दोष झाकणातल्या स्विचचा. नाही पेटली तर दोष पुढे. ही युक्ती साध्या पेन्सिल सेलवरच करायची, मोबाइलमध्ये असतो तसल्या चार्ज होणाऱ्या लिथियम-आयन सेलवर कधीच नाही.

झाकणाच्या आत दोन खाचांची धातूची कडी असते. तीच सैल झालेली असण्याची शक्यता मोठी. टोकदार पक्कडीचे दोन पाय खाचांत घालून घट्ट फिरवा. उगीच थोपटल्यावर पेटणाऱ्या कितीतरी टॉर्च एवढ्याने सुधारतात, आणि ते करायला एक रुपयाही लागत नाही.

न वापरता सेल संपत असतील तर बटणाची जात बघा. 'टक्' आवाज होऊन आत अडकणारं बटण बंद असताना करंट पूर्ण तोडतं. मऊ बटण, जे नुसतं दाबून प्रकाश कमी-जास्त होतो, ते आतल्या चिपला इशारा देतं, आणि ती चिप इशाऱ्याची वाट बघत सेलवर जगत असते. चांगल्या टॉर्चमध्ये हा खर्च नगण्य, स्वस्तात नाही. समजा बंद टॉर्च १ मिलिअँपिअर खाते. दिवसाचे २४ मिलिअँपिअर-तास झाले. अल्कलाइन एए सेलमध्ये साधारण २४०० असतात, म्हणजे शंभर दिवसांत सेल साफ. गणपतीत भरलेला सेल संक्रांतीपर्यंत पोचत नाही. उपाय दुरुस्तीचा नाही, सवयीचा: ठेवताना झाकण पाव फेरा सैल करा. आटे मुलामा दिलेले असले तर तेवढ्याने सर्किट तुटतं. नुसते उघडे धातूचे असले तर तुटत नाही. मग सेलच्या बुडाशी जाड कागदाची चकती ठेवा.

इथे थांबा

स्विच ठीक, सेल नवे, सगळं स्वच्छ आणि तरी अंधार, म्हणजे दोष डोक्यात: सुटलेला सोल्डरिंगचा डाग, जळलेलं सर्किट किंवा एलईडी. डाग मारता येत असेल तर उघडा, नाहीतर हजाराच्या वरची टॉर्च इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि शे-दोनशेची सोडून द्या. मजुरीच त्याहून जास्त होईल.

लिथियम-आयन सेल फुगलेला, तापलेला किंवा गोड वासाचा वाटला तर काहीही तपासू नका. घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या. कुठल्याही सेलचं गळलेलं डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टर गाठा. किल्लीच्या जुडग्यातल्या चिमुकल्या टॉर्चमधला बटण-सेल मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायच्या फंदात न पडता त्याच क्षणी रुग्णालय. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतो.

आणि टॉर्च वारंवार लागते, कारण फक्त तुमच्याच घरातली वीज जाते, असं असेल तर टॉर्चचा नाद सोडा. वायरमनला बोलवा. टॉर्चच्या उजेडात ओल्या हाताने मीटरची पेटी उघडायची नाही. तार तुटून खाली पडली असेल तर लांब राहून १९१२ वर कळवायचं.

पुढची टॉर्च घेताना

इतका वेळ बिघाड पाहिल्यावर माझं मत ठाम झालंय: घरातल्या अडीअडचणीसाठी एका एए सेलची, धातूच्या अंगाची, टक् आवाजाच्या बटणाची टॉर्च. तीन बारीक सेलांच्या पिंजऱ्यात सेलांची सहा टोकं, वर पिंजऱ्याची दोन, म्हणजे आठ जागी जोड आणि आठ जागी गंज धरणार. एका सेलला दोनच. शिवाय एए सेलमध्ये एएएच्या दुपटीहून थोडी जास्त वीज मावते, तो गावातल्या किराणा दुकानात मिळतो, आणि अगदीच वेळ आली तर नवा कोरा सेल घड्याळासाठी आणून ठेवलेला असतोच. बटण-सेलच्या किंवा लिथियम-आयनच्या टॉर्चचा सेल रात्री दहा वाजता तालुक्यालाही मिळणार नाही.

प्रकाशाच्या आकड्यांवर जाऊ नका. एका अल्कलाइन एए सेलमधून टॉर्चला साधारण अडीच वॉट-तास मिळतात. बरा एलईडी एका वॉटला शंभरेक ल्युमेन देतो; ल्युमेन म्हणजे प्रकाशाचं माप. ३० ल्युमेनला सर्किटची गळती धरून ०.४ वॉट धरा, म्हणजे सहाएक तास झाले. छताकडे तोंड करून उभी केली तर ३० ल्युमेनमध्ये खोलीत जेवणं-खाणं, औषध शोधणं सगळं होतं. पाकिटावर एका साध्या सेलवर ५०० ल्युमेन लिहिलं असेल तर त्याला ५ वॉट लागतील. अल्कलाइन सेलला ते झेपणारच नाही, आकडा छापायला मात्र शाई पुरते. पाकिटावरचे तासही जपून वाचा. एएनएसआय एफएल१ ह्या टॉर्चसाठीच्या अमेरिकन मानकाप्रमाणे प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरला जातो.

झूमची नळी नको, तिथून पाणी शिरतं. पाणी किती अडवतं हे सांगणारी खूण निदान आयपीएक्स४ असावी, पावसाच्या सरीला पुरतं. पायवाटेला लांब फेकणारा झोत नाही, रुंद उजेड हवा; साप पायापाशी असतो, डोंगरावर नाही. एए आकाराचाच १४५०० नावाचा ३.७ व्होल्टचा लिथियम-आयन सेल मिळतो. टॉर्चवर स्पष्ट परवानगी छापलेली नसेल तर तो घालू नका, साधी टॉर्च क्षणात जळू शकते. निकेलचे चार्ज होणारे सेल घेणार असाल तर चार्ज टिकवून ठेवणारे, 'वापरायला तयार' असे लिहिलेले घ्या. साधे पडल्या पडल्या उतरतात.

चार्जिंगच्या टॉर्चबद्दल एवढंच: स्वस्तांमध्ये ४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. ती रिकामी पडून राहिली की आतल्या पत्र्यांवर सल्फेटचा थर धरतो आणि पुन्हा नीट चार्ज घेत नाही. वर्षातून एकदाच आठवण होणाऱ्या घरात ती टिकत नाही.

उशाशी ठेवायच्या टॉर्चमध्ये सेल असू द्या आणि दर अमावास्येला, दुकानाची लिंबू-मिरची बदलतात त्याच दिवशी, एकदा लावून बघा. आपत्कालीन पिशवीतल्या टॉर्चचे सेल बाहेर, रबर लावून तिच्याच शेजारी ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाने डोळे मिटून एकदा घालून बघा. सेल फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, बाहेर काढल्यावर दव धरतं तेच वाईट.

दुकानात टॉर्च घेताना सेल तिथेच घालायला लावा. झाकण पाव फेरा सैल करून विझते का बघा, घट्ट करून तळहातावर दोनदा आपटा. लुकलुकली तर दुसरी मागा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघा.